दोई मोई आणि व्हिएतनामचा समाजवाद

दोई मोई : (शब्दशः ‘बदलून नवे करणे’). व्हिएतनामच्या कम्युनिस्ट पक्षाने डिसेंबर १९८६ मध्ये सहाव्या अधिवेशनात स्वीकारलेले आर्थिक सुधारणांचे धोरण. कुटुंबाची शेती, खाजगी उद्योग आणि परदेशी भांडवल यांना त्यामुळे वाट मोकळी झाली. पक्षाची एकहाती सत्ता मात्र कायम राहिली. देशाचे अधिकृत नाव आजही ‘व्हिएतनामचे समाजवादी प्रजासत्ताक’ आहे आणि हो चि मिन्ह शहरात २००० पासून शेअर बाजारही आहे. अशा राष्ट्राला समाजवादी म्हणावे का, हा वाद दोई मोईच्या जन्मापासून चालू आहे.

सुधारणांपूर्वीचा काळ व्हिएतनाममध्ये ‘बाव काप’, म्हणजे सरकारी पुरवठ्याचा काळ, म्हणून ओळखला जातो. तांदूळ, मांस, कापड असे सगळे कुपनावर मिळे. पहाटेपासून दुकानापुढे रांग लागे आणि घरी कामे खोळंबलेली माणसे रांगेत आपल्या जागी वीट ठेवून जात. एखाद्याचा चेहरा पडलेला दिसला की ‘तांदळाचे पुस्तक हरवल्यासारखा’ असे म्हणण्याची पद्धत त्या दिवसांतली. हे पुस्तक म्हणजे घराचे रेशनकार्ड. प्रदीर्घ युद्ध, अमेरिकेचे निर्बंध आणि कंबोडियातील लष्करी मोहीम यांनी देश पिचला होता हे खरेच, पण सामुदायिक शेतीही पोट भरू शकत नव्हती. १९८६ मध्ये महागाईचा दर ७०० टक्क्यांच्या पुढे गेला होता.

बदलाची सुरुवात मात्र राजधानीत झाली नाही. उत्तरेकडील विन्ह फुक प्रांताचे पक्षसचिव किम न्गोक यांनी १९६६ मध्येच सहकारी शेतीची जमीन कुटुंबांना ठरावीक उत्पन्नाच्या बोलीवर कसायला दिली. ठरलेला वाटा सहकारी संस्थेला, वरचे धान्य घरात. पक्षाचे ज्येष्ठ नेते ट्रुओंग चिन्ह यांनी १९६८ मध्ये त्यावर कडक टीका केली आणि प्रयोग बंद पडला. किम न्गोक १९७९ मध्ये वारले. दोनच वर्षांनी, १९८१ मध्ये, पक्षाच्या ‘निर्देश १००’ने त्यांच्या पद्धतीचा मोठा भाग देशभर लागू केला, आणि १९८६ च्या अधिवेशनात सुधारणांचा अहवाल मांडला तो त्याच ट्रुओंग चिन्ह यांनी. चूक उघडपणे मान्य करून दिशा बदलणारे नेतृत्व दुर्मीळ असते. त्याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. १९८८ च्या ‘ठराव १०’ने कुटुंब हेच शेतीचे मूळ एकक ठरले. पुढच्याच वर्षी, एरवी धान्य आयात करणाऱ्या या देशाने दहा लाख टनांहून जास्त तांदूळ निर्यात केला. १९९३ मध्ये ५८ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते, ते प्रमाण २००२ पर्यंत २९ टक्क्यांवर आले.

या साऱ्याला पक्षाने २००१ मध्ये ‘समाजवादी दिशेची बाजार अर्थव्यवस्था’ असे नाव दिले. लेनिनने १९२१ मध्ये रशियात नव्या आर्थिक धोरणात बाजाराला जागा दिली होती, तोच दाखला इथे दिला जातो : हा संक्रमणकाळ आहे, आधी उत्पादन वाढू द्या. टीकाकारांचे म्हणणे असे की दिशा सांगून मुक्कामाची तारीख सांगायची नाही, तर त्या शब्दाला कसोटीच उरत नाही. २०१३ च्या राज्यघटनेतील ५१ व्या कलमानुसार सरकारी क्षेत्राची भूमिका अग्रणी आहे. पण निर्यातीचा बहुतांश भाग परदेशी गुंतवणुकीच्या कंपन्यांचा आहे आणि मे २०२५ च्या पक्षाच्या ठरावात खाजगी क्षेत्राला अर्थव्यवस्थेची सर्वांत महत्त्वाची चालकशक्ती म्हटले आहे.

भारताच्या राज्यघटनेच्या प्रास्ताविकेतही १९७६ मध्ये घातलेला ‘समाजवादी’ हा शब्द १९९१ च्या उदारीकरणानंतर तसाच आहे. मात्र आपल्याकडे त्या शब्दावर कोणाची सत्ता टिकून नाही. व्हिएतनाममध्ये पक्षाचा राज्य करण्याचा हक्कच त्यावर उभा आहे, म्हणून तिथे त्याची पारख अधिक कसून व्हायला हवी. ती मालकीच्या आकडेवारीपेक्षा बांधावर आणि कारखान्याच्या दारात करणे योग्य.

जमीन कायद्याने ‘संपूर्ण जनतेची’ आहे. सरकार तिचे विश्वस्त. शेतकऱ्याला मिळतो तो वापराचा हक्क. त्याच्या दाखल्याला लोक ‘लाल पुस्तक’ म्हणतात आणि आपल्याकडच्या सातबाऱ्याइतकेच जपतात. १९९३ च्या कायद्याने हा हक्क विकता, गहाण ठेवता, वारसाला देता येतो. म्हणजे व्यवहारात जमिनीचा बाजार आहेच. सार्वजनिक मालकी जाणवते ती मुख्यतः सरकार वसाहतीसाठी किंवा उद्योगासाठी जमीन परत घेते तेव्हा. शेताच्या भावाने मोबदला आणि नंतर प्लॉटच्या भावाने विक्री, ही तिथल्या गावकऱ्यांची जुनी तक्रार आहे. जनतेची मालकी जनतेविरुद्धच वापरली जाते, हा प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने व्हिएतनामी समाजवादातील सर्वांत गंभीर दोष होय.

कामगारांची बाजू थोडी वेगळी आहे. संपाचा हक्क १९९४ पासून कायद्यात आहे, पण जवळजवळ सगळे संप पक्षाच्या नियंत्रणाखालील अधिकृत कामगार संघटनेला वगळून, म्हणून बेकायदा ठरून, झाले. तरीही सरकार त्यांच्यापुढे अनेकदा नमले. मार्च २०१५ मध्ये हो चि मिन्ह शहरात पादत्राणांच्या एका प्रचंड कारखान्यातील हजारो कामगार सामाजिक विम्याच्या नव्या कायद्याविरुद्ध बाहेर पडले. नोकरी सुटल्यावर विम्याचे पैसे एकरकमी काढण्याची सोय तो काढून घेत होता. या कामगारांत बहुसंख्य बाया होत्या. म्हातारपणापर्यंत लाइनवर टिकू, असा भरवसा त्यांना नव्हता. काही महिन्यांत राष्ट्रीय सभेने, म्हणजे संसदेने, ती सोय परत दिली. २०१९ च्या कामगार संहितेने तर कारखान्याच्या पातळीवर अधिकृत संघटनेबाहेरची कामगार संघटना काढण्याची मुभा दिली. ती २०२१ पासून अमलात आली, पण नंतरची काही वर्षे नोंदणीचे तपशीलवार नियमच निघाले नाहीत.