कॅमेऱ्याचं ओझं: हमालाच्या पाठीवरून आपल्या कमरेवर

बॅग कशी असावी, पट्टा गळ्यात घालावा की खांद्यावरून आडवा, ट्रायपॉड कुठे बांधावा, या प्रश्नांवर आज फोटोग्राफर मंडळी तासन्‌तास बोलू शकतात. फोटोग्राफीच्या पहिल्या चाळीस-पन्नास वर्षांत मात्र हे प्रश्न कुणाला फारसे पडलेले दिसत नाहीत. सामान तेव्हा आजच्यापेक्षा कितीतरी जास्त होतं, पण ते उचलणारा माणूस वेगळा होता. ज्याचा खांदा दुखत होता तो लिहीत नव्हता, आणि जो लिहीत होता त्याचा खांदा दुखत नव्हता.

ऑगस्ट १८३९ मध्ये पॅरिसमध्ये डागेरोटाइपची, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर फोटो उमटवण्याची, पद्धत जगजाहीर झाली आणि लगोलग तिचा संपूर्ण संच विकायला आला. लाकडी कॅमेरा, प्लेटा ठेवायची पेटी, आयोडीनची वाफ द्यायची पेटी, पाऱ्याची वाफ द्यायची पेटी, दिवा, बाटल्या असं सगळं मिळून वजन सुमारे ५० किलो भरायचं. त्याच वर्षाच्या अखेरीस बॅरन सेगिए या हौशी गृहस्थाने घडी घालता येणाऱ्या भात्याचा सुटसुटीत कॅमेरा करून दाखवला, सोबत तिकाटणंही दिलं. म्हणजे सामान हलकं करण्याची खटपट फोटोग्राफीच्या पहिल्याच वर्षी सुरू झाली होती. ती फार पुढे गेली नाही याचं एक कारण बारा वर्षांनी आलेलं नवं तंत्र.

१८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या कलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली. चित्र उत्तम यायचं, एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती काढता यायच्या, पण अट जाचक होती. काचेवर कलोडियन हा चिकट द्रव ओतायचा, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत धुवायची. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. त्यामुळे डार्करूम घरी ठेवून बाहेर पडणं शक्यच नव्हतं. जिथे कॅमेरा तिथे अंधारी खोली. रॉजर फेंटन १८५५ मध्ये क्रिमियाच्या युद्धावर गेला तेव्हा त्याने एका दारूविक्रेत्याची जुनी घोडागाडी घेऊन तिचीच डार्करूम केली होती. बरोबर पाच कॅमेरे, सातशे काचेच्या प्लेटा आणि ३६ मोठ्या पेट्या. रणभूमीवर ती गाडी इतकी ठळक दिसायची की रशियन तोफांनी तिच्यावर नेम धरला होता.

गाडी जाईल तिथवर हे ठीक होतं. डोंगरात काय? त्याचं उत्तर सॅम्युएल बोर्नने दिलं, आणि ते आपल्याच देशात दिलं. इंग्लंडमधली बँकेची नोकरी सोडून तो १८६३ मध्ये हिंदुस्थानात आला आणि त्याच वर्षी जुलैअखेर सिमल्याहून हिमालयात निघाला. सोबत तीसएक हमाल होते. १२ बाय १० इंचांच्या काचा, रसायनांच्या बाटल्या, डार्करूमचा तंबू, शिवाय साहेबाचा पलंग, खुर्ची आणि पेयांचा साठा. पुढच्या वर्षीच्या काश्मीरच्या सफरीत हमालांचा आकडा चाळिशीपलीकडे गेला. १८६६ मध्ये तो स्पितीतून १८,६०० फुटांवरच्या मनिरंग खिंडीपर्यंत पोहोचला आणि तिथेही त्याने निगेटिव्ह घेतल्या. इतक्या उंचीवर काढलेला फोटो म्हणून हा विक्रम पुढे वीस वर्षं टिकला. या सफरींचं वर्णन त्याने इंग्लंडच्या फोटोग्राफीच्या नियतकालिकात हप्त्याहप्त्याने छापलं. त्यात हमाल वाटेत पळून गेल्याच्या तक्रारी आहेत, काठीचा धाक दाखवल्याचे उल्लेख आहेत. ज्यांनी त्या काचा न फोडता खिंडीपर्यंत पोहोचवल्या त्यांची नावं मात्र नाहीत. बोर्नची चित्रं पाहताना मला दरवेळी हीच माणसं आठवतात. त्याच स्पितीत किब्बरच्या आसपास आज हिमबिबट्याचे फोटो काढायला लोक जातात, तेव्हा मोठी लेन्स आणि ट्रायपॉड बर्फातून वर नेणारे बहुतेकदा स्थानिक तरुणच असतात. फरक इतकाच, की आता ठरलेली मजुरी मिळते, आणि बिबट्या कुठे आहे हेही त्यांनाच आधी दिसतं.

मुंबई इलाख्यात याच सुमारास वेगळा मार्ग चालू होता. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, पुढच्या वर्षी तिथल्या एल्फिन्स्टन शिक्षणसंस्थेत फोटोग्राफीचे वर्ग सुरू झाले. कॅप्टन थॉमस बिग्सला सरकारने १८५५ मध्ये विजापूर वगैरे ठिकाणच्या वास्तूंचे फोटो काढायला नेमलं. तो काचेऐवजी कागदी निगेटिव्ह वापरायचा. कागद काचेइतकं बारीक तपशील देत नाही, पण वजनाला काहीच नाही आणि फुटतही नाही. अजिंठ्यात लेण्यांची चित्रं रंगवत आयुष्य काढलेल्या मेजर रॉबर्ट गिलने पुढे स्टिरिओ, म्हणजे एकाच दृश्याची शेजारी-शेजारी दोन चित्रं घेणारा, कॅमेरा हाती घेतला. अजिंठा-वेरूळची त्याची दुहेरी छायाचित्रं १८६४ मध्ये लंडनला छापली गेली. स्टिरिओच्या काचा लहान असतात. लेण्यांसारख्या अडचणीच्या जागी हा कॅमेरा बराच सोयीचा पडला असणार.

पुढचा टप्पा झटपट सांगता येतो. रिचर्ड मॅडॉक्सने १८७१ मध्ये कोरड्या प्लेटची कल्पना मांडली, त्या दशकाच्या शेवटी अशा प्लेटा बाजारात मिळू लागल्या आणि अंधारा तंबू एकदाचा गेला. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमनचा कोडॅक आला. पेटीएवढा कॅमेरा, आत शंभर फोटोंचा रोल, किंमत २५ डॉलर. रोल संपला की अख्खा कॅमेराच कारखान्यात पाठवायचा. त्या किमतीत खांद्याला अडकवायची चामडी पेटीही मिळत असे. कॅमेरा विकणाऱ्याला तो वाहून न्यायची सोयही विकावीशी वाटली, ही इथे नोंदण्यासारखी गोष्ट. कारण गिऱ्हाईक आता स्वतःच तो उचलणार होतं.

गंभीर फोटोग्राफर मात्र अजून काचेलाच चिकटून होते. एप्रिल १९२७ मध्ये अॅन्सेल अॅडम्स योसेमिटीतल्या हाफ डोमचा फोटो काढायला चढून गेला तेव्हा पाठीवर सुमारे १८ किलोचं ओझं होतं. लाकडी कॅमेरा, ट्रायपॉड आणि जेमतेम १२ प्लेटा. त्याला जमायचं, तो पंचविशीचा होता. ऑस्कर बारनॅकला जमेना. जर्मनीत वेत्झलारच्या लाइट्झ कारखान्यात सूक्ष्मदर्शकं बनवणारा हा यांत्रिकी कारागीर दम्याचा रुग्ण होता. सुट्टीच्या दिवशी प्लेट कॅमेरा घेऊन रानात भटकायची हौस होती, पण चढावर श्वास पुरायचा नाही. त्याने सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर फोटो घेणारा कोटाच्या खिशात मावेल असा कॅमेरा १९१३-१४ च्या सुमारास स्वतःसाठी बनवला. मग महायुद्ध आलं आणि काम रखडलं. १९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत तोच लायका म्हणून विक्रीला ठेवला गेला. निगेटिव्ह लहान ठेवायची आणि चित्र नंतर मोठं करायचं, हा त्यामागचा विचार. सामान हलकं करण्याच्या साऱ्या इतिहासात इतकी परिणामकारक युक्ती दुसरी नाही, आणि ती एका धाप लागणाऱ्या माणसाला सुचली.

छोट्या कॅमेऱ्याला बॅग लागतच नव्हती. तपकिरी चामड्याचं कव्हर, समोरची झडप खाली पडते आणि कॅमेरा न काढता फोटो घेता येतो, अशी रचना जगभर रूढ झाली. आपल्याकडे बडोद्याला बनणाऱ्या आगफा क्लिक थ्रीबरोबर ते कव्हर घराघरांत पोहोचलं. जुन्या अल्बमांत महाबळेश्वरच्या पॉइंटावर काकांच्या छातीवर लोंबणारं तेच. वृत्तपत्रांसाठी काम करणाऱ्यांचं भाग्य इतकं हलकं नव्हतं. मुंबईत जे. जे. मध्ये शिकलेल्या आणि १९४२ मध्ये दिल्लीला गेलेल्या होमाई व्यारावाला स्पीड ग्राफिकसारखा अवजड कॅमेरा, फिल्म आणि फ्लॅशचं सामान पाठीवर घेऊन, साडी नेसून, सायकलवरून दिल्लीभर फिरत. फ्लॅशचा बल्ब तेव्हा एका फोटोपुरता असायचा, म्हणजे जितके फोटो तितके बल्ब बरोबर.

आजच्या अर्थाची कॅमेऱ्याची बॅग खरी आली ती १९७० च्या दशकात. १९५९ च्या निकॉन एफनंतर एका बॉडीला अनेक लेन्स लावण्याची चटक लागली होती. जे वजन बारनॅकने उतरवलं होतं ते लेन्सच्या रूपाने परत चढलं. सामान ठेवायला तोवर फोम कापून बसवलेल्या अॅल्युमिनियमच्या पेट्या होत्या. विमानात त्या उत्तम, गर्दीत घेऊन पळायला निरुपयोगी. फिलाडेल्फियाच्या एका दैनिकाचा फोटोग्राफर जिम डोम्के याने १९७० च्या दशकाच्या मध्यावर जाड कॅनव्हासची मऊ पिशवी शिवून घेतली, जी अंगाला चिकटून राहते आणि वरून हात घातला की लेन्स हाती येते. इंग्लंडमध्ये मार्टिन बिलिंगहॅम १९७३ पासून मासे पकडणाऱ्यांसाठी पिशव्या बनवत होता. काही वर्षांनी त्याच्या लक्षात आलं, की न्यूयॉर्कमधले बरेच फोटोग्राफर त्या कॅमेऱ्यासाठी नेतायत, आणि त्याने धंद्याची दिशा बदलली. तिसरा धागा गिर्यारोहणातून आला. ग्रेग लो या अमेरिकन गिर्यारोहकाने १९६० च्या दशकाच्या अखेरीस सांगाडा आत असलेली सॅक रूढ केली, आणि लोवेप्रो ही कॅमेऱ्याच्या बॅगांची शाखा त्याच घरातून निघाली. आपल्याकडे आयातीवर निर्बंध असताना हे सगळं स्वप्नवत होतं. लग्नाचे फोटो काढणारे रेक्झीनच्या चौकोनी बॅगेवर भागवत, आणि बाहेरून आलेलं काही पाहायचं तर मुंबईत बोरा बझारची चक्कर.

या तिन्ही धाग्यांत शरीराचा विचार सर्वांत नीट केला तो गिर्यारोहकांनी. एका खांद्यावरच्या बॅगेचा तोल सांभाळायला दुसऱ्या बाजूचे स्नायू दिवसभर ताणलेले राहतात, आणि गळ्यातल्या पट्ट्याचा सगळा भार मानेमागे येतो. दोन खांद्यांची सॅक बरी, पण तिचा कमरेचा पट्टा आवळला तरच. मग वजनाचा मोठा वाटा कमरेच्या हाडांवर उतरतो आणि पाय ते वाहतात. कळशी कमरेवर घेणाऱ्या बायकांना हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. फोटोग्राफरांना मात्र बरीच वर्षं लागली. कमरेचा पट्टा लोंबकळत ठेवून पाठदुखीची तक्रार करणारे आजही कुठल्याही ट्रेकला भेटतात.

सॅकची अडचण वेगळी आहे. कॅमेरा आत असतो आणि प्रसंग बाहेर. २००५ नंतर या एका अडचणीवर बरंच डोकं चाललं. थिंक टँक या कंपनीने लेन्सच्या पिशव्या अडकवायचा रुंद कमरपट्टा आणला. ब्लॅकरॅपिडसारख्या पट्टे बनवणाऱ्यांनी कॅमेरा त्याच्या तळाशी असलेल्या ट्रायपॉडच्या आट्यांना टांगून आडव्या पट्ट्यावर सरकता ठेवला. हात खाली नेला की कॅमेरा मुठीत. फक्त तो स्क्रू सैल पडत नाही ना, हे अधूनमधून चाचपायची सवय लावून घ्यावी लागते. २०११ मध्ये पीक डिझाइनने लोकांकडून पैसे गोळा करून धातूची एक चिमटी बनवली, जी सॅकच्या खांद्यावरच्या पट्ट्यावर बसते आणि कॅमेरा छातीशी घट्ट धरते. सह्याद्रीत कातळातली वाट चढताना लोंबणारा कॅमेरा दगडावर आपटतो, तिथे ही चिमटी मला सगळ्यांत उपयोगी वाटते. सपाटीवर किंवा भिगवणच्या होडीत आडवा पट्टा पुरतो.

पावसाळी ट्रेकसाठी अनेक जण महागडी कॅमेरा बॅग घेतच नाहीत. साधी ट्रेकची सॅक, तिच्यात पॅडिंगचा सुटा डबा, त्यावर पाणी न शिरणारी पिशवी आणि तळाशी सिलिका जेलच्या पुड्या. हरिश्चंद्रगडावर मुक्काम असेल तर सॅकमध्ये कपडे, शिधा आणि पाणीही लागतं, आणि कॅमेरा बॅगा बनवणाऱ्या बऱ्याच जणांना हे कधी कळलेलंच दिसत नाही.

ट्रायपॉडमध्ये १९९४ साली गिट्झोने कार्बन फायबर आणलं आणि त्याचं वजन पुष्कळ उतरलं. जंगलात तर त्याहून साधा उपाय रुळला आहे. ताडोबाच्या जिप्सीत ट्रायपॉड उभा राहत नाही, म्हणून बीनबॅग, म्हणजे लेन्स टेकवायची मऊ पिशवी. ती घरून रिकामी न्यायची आणि मुक्कामी पोहोचल्यावर दोन-चार किलो तांदूळ विकत घेऊन भरायची. परतताना तांदूळ तिथेच कुणाच्या तरी घरी जातो.

खरी घट अलीकडे झाली ती लांब लेन्सच्या वजनात. कॅननची १९९९ ची ६०० मिलिमीटर एफ/४ लेन्स ५,३६० ग्रॅम होती, २०१८ ची ३,०५० ग्रॅम. शिवाय जड भिंगं पुढच्या टोकाकडून मागे सरकवल्यामुळे हातावरचा ताण वजनाच्या आकड्यापेक्षाही जास्त कमी झाला. निकॉनने त्याच वर्षी ५०० मिलिमीटर एफ/५.६ ही १,४६० ग्रॅमची लेन्स आणली. तिच्यात पायऱ्यापायऱ्यांचं खास भिंग वापरून एरवी लागणारी काच वाचवली आहे. पक्षी पाहत दिवसभर पायी फिरणाऱ्यांसाठी ही लेन्स मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांपेक्षा मोठी घटना होती, असं माझं मत. मिररलेसचा गाजावाजा बराच झाला. सोनीच्या २०१३ च्या ए७ चं वजन बॅटरीसह ४७४ ग्रॅम होतं, आरसा असलेल्या निकॉन डी८५० चं १,००५ ग्रॅम. पण सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी प्रकाश टिपणारा भाग, तेवढाच असेल तर लांब लेन्सला काच तेवढीच लागते. सोनीचीच २००-६०० ही दोन किलोंच्या वर आहे. बॉडीत वाचलेला अर्धा किलो लेन्सने केव्हाच खाऊन टाकला. ज्यांना खरोखर हलकं व्हायचं होतं ते लहान सेन्सरच्या मायक्रो फोर थर्ड्स या कॅमेऱ्यांकडे गेले, आणि अंधुक प्रकाशातल्या चित्राशी थोडी तडजोड करून सुखात आहेत.

हिशेब शेवटी विमानतळावर होतो. देशांतर्गत विमानात हातातल्या सामानाला ७ किलोंची मर्यादा. एक डी८५०, ती ५०० ची लेन्स आणि एक ७०-२०० एफ/२.८ मिळून चार किलोंच्या आत बसतं, पण भरपूर पॅडिंगची बॅगच रिकामी दोन किलोंची असते. चार्जर आणि लॅपटॉप टाकला की काटा पुढे. मग लेन्स जाकिटाच्या खिशात जातात, किंवा वर्षातून दोनदाच लागणारी मोठी लेन्स विकत न घेता पुण्या-मुंबईहून चार दिवसांच्या भाड्याने घेतली जाते. हल्ली बॅग निवडताना कप्पे मोजण्याआधी तिचं स्वतःचं वजन विचारणारे लोक वाढले आहेत. काही कंपन्या मात्र ते अजूनही वेबसाइटवर शोधावं लागेल अशा जागी छापतात.