गप्प उभा घोडा आणि निवांत उभा घोडा

"पाय देतो का?" घोडं बघायला गेलं की चालीनंतर हा प्रश्न येतोच. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो, तिथं तर जागोजागी ऐकू येतो. विकणारा वाकून एकेक पाय उचलून दाखवतो, घोडा खांबासारखा उभा असतो, आणि बघणारे मान डोलावतात, "शांत आहे जनावर."

या 'शांत' शब्दानं फार घोटाळा केला आहे. दोन घोडे शेजारी शेजारी उभे करा. दोघांचेही पाय उचलले जातात, दोघंही लाथ मारत नाहीत. त्यातला एक निवांत असतो. दुसरा घाबरून गप्प झालेला असतो. पहिल्याला शिकवलेलं असतं आणि दुसऱ्याला दमवलेलं असतं. दहा फुटांवरून दोघं सारखेच दिसतात, म्हणून शिंगरू तयार करणारी चांगली जाणती माणसंही फसतात.

दमवायची पद्धत घोडा पाळणाऱ्या प्रत्येकानं पाहिलेली असते, तेव्हा तिच्यावर फार बोलत नाही. पिछाडी बांधायची, पायात दोर घालून वर ओढायचा, वरच्या ओठाला फास देऊन पिळायचा, दोघातिघांनी धरून ठेवायचं. झटापट होते, घाम फुटतो, आणि थोड्या वेळानं शिंगरू हलायचं थांबतं. मग कुणीतरी म्हणतं, "दमलं, आता सरावलं." माझं भांडण या वाक्याशी आहे. दमणं आणि सरावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीतून दुसरी आपोआप निघत नाही.

या गैरसमजाला मोठा इतिहास आहे. 1858 साली जॉन रॅरी हा अमेरिकन घोडेशिक्षक इंग्लंडात गाजला होता. राणी व्हिक्टोरियापुढंही त्यानं आपली कला दाखवली. माणसावर धावून जाणारा क्रूझर नावाचा घोडा त्यानं काही तासांत हाताखाली आणला. घोड्याचा पुढचा एक पाय दुमडून पट्ट्यानं बांधायचा, दुसरा पाय दोरीनं वर घ्यायचा, झगडून झगडून घोडा गुडघ्यांवर येतो आणि शेवटी आडवा होतो, अशी ती रीत. मग त्याच्या अंगावरून, पायांवरून हवा तसा हात फिरवता येई. रॅरी मारहाणीच्या विरोधात होता, आडव्या झालेल्या घोड्याला तो चुचकारायचा, आणि त्या काळच्या चाबकापेक्षा त्याची रीत सौम्य होती, हे मान्यच केलं पाहिजे. पण लोकांनी घरी नेलं ते एवढंच, की घोडा झगडायचा थांबला म्हणजे शिकला.

या समजाचा उलगडा करणारा प्रयोग 1967 साली सेलिगमन आणि मायर या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला. काही केलं तरी टळणार नाहीत असे विजेचे झटके कुत्र्यांना दिले. पुढं त्याच कुत्र्यांना साधी फळी ओलांडून सुटता येईल अशा जागी ठेवलं, तर बरेच कुत्रे ओलांडायचा प्रयत्नही न करता पडून राहिले. काही केलं तरी उपयोग नाही हे कुत्रे शिकले, असं दोघांनी तेव्हा म्हटलं. पण घोडेवाल्यांच्या उपयोगाची गोष्ट पुढची आहे. जवळपास पन्नास वर्षांनी, 2016 साली, मेंदूच्या नव्या अभ्यासाच्या आधारे त्याच दोघांनी आपलंच म्हणणं उलटं फिरवलं. लांबलेल्या त्रासापुढं निपचित पडणं ही शिकलेली गोष्ट नाही, ती मेंदूची मुळातली प्रतिक्रिया आहे. शिकावं लागतं ते दुसरंच: माझ्या वागण्यानं समोरचं बदलतं, मला इथं काही करता येतं.

प्रयोग कुत्र्यांवर होते, पण शिंगराला हे तंतोतंत लागू पडतं असं मला माझ्या अनुभवावरून वाटतं. गप्प झालेलं शिंगरू काहीच शिकलेलं नसतं. त्याला शिकवायचंय ते असं, की मी पाय सैल सोडला की माणसाचा हात सुटतो. पाय ही त्याची पळायची सोय आहे आणि पळणं हीच त्याची ढाल. ती ढाल ते आपल्या हातात देतं, ती परत मिळणार याची खात्री असते म्हणून. ही खात्री रोज थोडी थोडी, शंभर वेळा द्यावी लागते.

आता दोघांना ओळखायचं कसं? पायाकडं बघू नका, हे पहिलं. पाय दोघांचेही हातात आलेले असतात. वर बघा. गप्प घोड्याची मान उंच आणि ताठ असते, कान एकाच जागी रोखलेले, डोळा मोठा आणि पापणी जवळजवळ लवत नाही. नाकपुड्या आवळलेल्या, हनुवटी दगडासारखी, शेपूट पुठ्ठ्यात दाबलेली. खांद्यावर तळवा ठेवला तर कातडीखाली बारीक थरथर लागते. हरभऱ्याची चंदी तोंडाजवळ धरली तरी हुंगत नाही. निवांत घोड्याची मान खाली आलेली असते, कान आळसानं इकडं तिकडं फिरतात, पापणी लवते, श्वास लांब असतो. हातातल्या पायाचं वजन वेगळं लागतं, झोपी गेलेल्या मुलाचा हात लागावा तसं जड आणि सैल. गप्प घोड्याचा पाय लाकडी असतो, आणि खाली सोडला की तो जमिनीवर आपटतो.

घोडा जीभ फिरवून तोंड चघळायला लागला की "बघा, समजलं त्याला" असं हल्ली फार ऐकू येतं. ती खूण एकटी धरू नका. ताण उतरतानाही घोडा तसं करतो, म्हणजे आधी ताण होता एवढंच त्यातून नक्की कळतं.

माझी खात्रीची परीक्षा एकच. दोर सैल सोडा, पाय खाली ठेवा आणि दोन पावलं मागं व्हा. निवांत शिंगरू तिथंच राहतं किंवा वळून तुम्हाला हुंगतं. गप्प शिंगरू जणू आत्ताच जागं होतं, अंग झाडतं, दुसऱ्या टोकाला जातं, आणि परत हात लावायला गेलात की पहिल्यापासून सुरुवात.

मी बाजारातून आणलेली एक घोडी अशीच खांबासारखी होती. दोनदा नालबंदानं चारही खूर काही अडचण न येता केले. तिसऱ्यांदा मागचा उजवा पाय मांडीवर घेऊन तो कानस लावणार, एवढ्यात तिनं दुगाण्या झाडल्या. माणूस भिंतीवर जाऊन आदळला, मांडी महिनाभर काळीनिळी होती. "काही कारण नसताना मारलं," असं सगळे म्हणाले. कारण होतं, आणि मी ते दोन खेपा बघून सोडून दिलं होतं. कान मागं करणं, पाय किंचित ओढणं, अंग चोरणं या सूचना त्या घोडीनं आधीच्या मालकाकडं केव्हातरी दिल्या असणार. त्यांचा उपयोग होत नाही हे कळल्यावर तिनं त्या देणं बंद केलं. मग उरते ती फक्त शेवटची सूचना. गप्प घोडा म्हणूनच जास्त धोकादायक.

शिकवायची रीत सांगायला साधी आहे, करायला वेळखाऊ. खांद्यापासून हाताची पालथी बाजू खाली न्यायची. कुठंतरी, बहुतेक गुडघ्याच्या वर, शिंगरू अंग आखडतं. तिथंच थांबायचं. दाबायचं नाही आणि काढायचंही नाही. हात तसाच ठेवून वाट बघायची. एक उसासा येतो, मान चार बोटं खाली येते. त्याच क्षणी हात काढायचा. उद्या तीच जागा दोन इंच खाली सरकलेली असते. मागच्या पायाला सुरुवातीला लांब काठीला बांधलेला चिंध्या भरलेला हातमोजा वापरावा, म्हणजे लाथेच्या टप्प्याबाहेर राहता येतं. मग वजन दुसऱ्या पायावर टाकलं की सोडायचं. मग खूर जमिनीपासून बोटभर वर. मग तीन सेकंद, मग दहा. पाय हातानं खाली टेकवायचा, टाकून द्यायचा नाही. मागचा पाय बाहेरच्या बाजूला ओढू नका, सांधा तसा वळत नाही. त्याच्या पोटाखाली, त्याच्याच रेषेत ठेवा.

इथं नेहमी विचारलं जातं: पाय झाडला तर काय करायचं? सोडला तर झाडायला शिकेल, धरून ठेवला तर जबरदस्ती. पेच खरा आहे. पण पाय झाडण्यापर्यंत गोष्ट गेली म्हणजे मागणी आधीच जास्त झाली होती. दहा सेकंदांना झाडतो ना, मग आठव्या सेकंदाला, तो सैल असताना, तुम्ही ठेवा. तरीही झाडलाच तर आवळू नका, पायाबरोबर हात जाऊ द्या, उंची सोडा पण स्पर्श सोडू नका, आणि पुढची मागणी निम्मी करा. सोडण्याची वेळ तुम्ही ठरवा, त्याच्या घाबरण्याला ठरवू देऊ नका.

बाकीचे वाद मला महत्त्वाचे वाटत नाहीत. डावीकडून सुरू करा किंवा उजवीकडून, दोन्ही बाजू करायच्याच आहेत. गूळ द्यायचा तर द्या, खिसे हुंगायची सवय लावू नका म्हणजे झालं. एक गोष्ट मात्र टाळू नका: एकच पाय उचलायला नको म्हणतो, तिन्ही चालतात, असं असेल तर शिकवण्याआधी डॉक्टरांना दाखवा. दुखणाऱ्या सांध्याला शिस्त लावता येत नाही.

एवढं सगळं कशाला, असं ज्यांना वाटतं त्यांनी हिशेब करावा. खूर महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढतो, दर 6 ते 8 आठवड्यांनी नालबंद लागतो. घोडा वीस वर्षं जगला तर शंभरावर वेळा कुणीतरी त्याच्या पोटाखाली वाकणार आहे. पावसाळ्यात तर खुराच्या तळातला चिखल रोज काढावा लागतो, नाहीतर काळा, घाण वासाचा सडका भाग धरतो. आणि शिंगरू तुमच्या हाताला सरावलं म्हणून नालबंदाला सरावलं असं नाही. त्याआधी दुसऱ्या माणसाकडून पाय उचलून घ्या, नालबंद बांधतो तसं चामडं गुडघ्याला बांधून या, खुरावर तळव्यानं टकटक करा, कानशीचा आवाज कानावर पडू द्या.

नालबंद उद्याच येणार आहे आणि शिंगरू तयार नाही, असं झालं तर? शक्य असेल तर पंधरा दिवस पुढं ढकला. खूर फुटला असेल, खिळा गेला असेल, थांबणं शक्यच नसेल, तर डॉक्टरांना बोलवा आणि त्यांच्या हातून गुंगीचं इंजेक्शन द्या. दोरांपेक्षा ते कितीतरी बरं. गुंगीत शिंगरू काही शिकणार नाही, पण आधी शिकलेलं विसरणारही नाही. परवा सकाळी खरारा करताना तुमचा हात त्याच्या गुडघ्यापाशी जाईल, तेव्हा तो जिथं होता तिथूनच पुढं जाता येईल.