कॅप्चा

कॅप्चा : संकेतस्थळ वापरणारा मनुष्य आहे की संगणकीय आज्ञावली (बॉट), हे ठरवणारी स्वयंचलित चाचणी. वेडीवाकडी अक्षरे टंकणे, चित्रांच्या चौकटी निवडणे, ‘मी रोबोट नाही’ पुढे खूण करणे ही तिची परिचित रूपे होत.

उगम : जनकत्वाविषयी एकमत नाही. संवादावरून यंत्राची पारख करण्याची कसोटी ॲलन ट्युरिंग यांनी १९५० मध्ये मांडली. तेथे परीक्षक माणूस होता. कॅप्चात परीक्षकही यंत्रच असते. जालावरील गैरवापर रोखण्यासाठी अशी उलटी मांडणी संगणकशास्त्रज्ञ मोनी नाओर यांनी १९९६ च्या एका अप्रकाशित टिपणात सुचवली. १९९७ च्या सुमारास आल्टाव्हिस्टा या शोधयंत्राने संकेतस्थळांच्या पत्त्यांची स्वयंचलित नोंदणी थोपवण्यासाठी विकृत अक्षरांची चित्रे वापरली. आंद्रेई ब्रोडर आणि सहकाऱ्यांचा त्यासंबंधीचा पेटंट अर्ज १९९८ चा, तर एरान रेशेफ, गिली रानान व आयलॉन सोलन यांचा १९९७ चा असल्याने काही जण अग्रमान दुसऱ्या गटाला देतात. कॅप्चा हे नाव कार्नेगी मेलन विद्यापीठातील लुइस फॉन आन, मॅन्युएल ब्लम, निकोलस हॉपर आणि जॉन लँगफर्ड यांचे. ते कोणी २००० चे, तर कोणी २००३ च्या त्यांच्या शोधनिबंधापासूनचे धरतात. कल्पना नाओर यांची, पहिला मोठा वापर आल्टाव्हिस्टाचा आणि सैद्धांतिक बैठक कार्नेगी मेलनची, ही विभागणी उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळते. चाचणी टिकली तर संकेतस्थळ सुरक्षित राहील आणि मोडली तर कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक अवघड प्रश्न सुटेल, हा त्या निबंधाचा मुख्य युक्तिवाद होता. पुढे त्यातील दुसरी शक्यता खरी ठरली.

भेदक्षमता : माणसे किमान ९०% वेळा उत्तीर्ण व्हावीत आणि बॉटचे यश ०.०१% च्या आत राहावे, असा एक निकष २००५ च्या सुमारास मांडला गेला. सुटे अक्षर ओळखण्यात यंत्र माणसाच्या बरोबरीला आले होते. म्हणून अक्षरे एकमेकांत गुंतवून ती विलग करणेच अवघड करण्यावर भर दिला गेला. हा उपायही फार काळ टिकला नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील संशोधकांच्या २०२३ च्या अभ्यासात विकृत अक्षरे सोडवताना माणसांची अचूकता ५० ते ८४% आढळली. बॉटसाठी आधीच्या संशोधनात नोंदलेली अचूकता जवळजवळ पूर्ण होती आणि वेळ एका सेकंदाहूनही कमी. चित्रचौकटींची चाचणीही झुरिक येथील संशोधकांनी २०२४ मध्ये यंत्राकरवी पूर्णपणे सोडवून दाखवली.

आणखी एक मर्यादा मूलभूत आहे. कॅप्चा पलीकडे कोणीतरी माणूस असल्याचे सांगतो. काम ज्याचे तोच माणूस आहे, हे सांगत नाही. हजार कॅप्चा डॉलरभरात माणसांकडून सोडवून देणाऱ्या सेवांची नोंद २०१० मध्येच झाली होती. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात एकच ध्वनिकॅप्चा (ऐकून उत्तर द्यायची चाचणी) ऐकणाऱ्या तिघांचे उत्तर जेमतेम ३१% वेळा जुळले, आणि ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही ते इंग्रजी कॅप्चात मागे पडले. दृष्टिहीनांना दिलेला हा पर्याय इतका तोकडा असणे गंभीर आहे. २०१४ नंतर वर्तन, कुकी (ब्राउझरमध्ये साठवलेल्या नोंदी) व इंटरनेट जोडणी यांवरून संशयाचे गुण देणाऱ्या पद्धती रूढ झाल्या. त्यांत एका जोडणीवरून अनेकांची कामे होत असल्यास प्रामाणिक वापरकर्तेही अडू शकतात.

खानदेशातील वापर : जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत शेतकऱ्यांचा कॅप्चाशी संबंध मुख्यतः महाभूलेख या राज्याच्या भूमी अभिलेख संकेतस्थळावर सातबारा पाहताना येतो. गट नंबर व मोबाइल क्रमांकानंतर चित्रातला कोड मागितला जातो. कॅपिटल आय, स्मॉल एल आणि एक यांत घोटाळा झाला की नवा कोड येतो. तो बहुधा सेवा केंद्रावरील ऑपरेटरच टाकतो. उतारा मात्र शेतकऱ्याचा असतो. इतर काही संकेतस्थळांवरील चित्रचौकटींत अमेरिकी रस्त्यांवरचे फायर हायड्रंट ओळखायला सांगितले जाते. पदपथावरचा तो ठेंगणा नळखांब रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात किंवा धडगावच्या पाड्यांवर दिसत नाही. अशा चाचणीत चुकणारा बॉट नसतो; त्याला ती वस्तू परकी असते, एवढेच. भुसावळसारख्या जंक्शनवरून सुटणाऱ्या गाड्यांच्या तत्काळ तिकिटांसाठी केवळ कॅप्चावर न विसंबता जुलै २०२५ पासून ऑनलाइन आरक्षणाला आधार प्रमाणीकरण लागू झाले.