सायलेन्सरमधली मोलाची माती

अख्खी गाडी चोरणं हल्ली कटकटीचं काम झालं आहे. चिप असलेली किल्ली, चौकाचौकातले कॅमेरे, फास्टॅग, वर नव्या नंबरप्लेटची भानगड. म्हणून बरेच चोर गाडी जागच्या जागी ठेवतात आणि तिच्यातलं जे पटकन विकलं जातं तेवढंच काढून नेतात. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्र आणि गुजरातमधल्या पोलिसांकडे सायलेन्सर चोरीच्या तक्रारी वारंवार गेल्या आणि त्यांत मारुतीच्या ईकोचं नाव सारखं येत राहिलं. शाळेची मुलं, केटरिंगवाल्यांचे गंज-पातेले, कुरिअरची खोकी वाहणारी ही गाडी नागपुरातही प्रत्येक लेआउटमध्ये दिसते. फ्लॅट स्कीममध्ये तिला जागा नसते, त्यामुळे रात्री ती रस्त्यावरच.

खरं तर चोराला सायलेन्सरशी काही घेणंदेणं नसतं. तो पत्रा भंगारात किलोच्या भावाने जातो. त्याला हवा असतो त्याच नळीवर बसवलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. हा डबा कापला की आत सिरॅमिकची एक वीट निघते, मधमाशीच्या पोळ्यासारखी आरपार छिद्रांची. छिद्रं इतकी बारीक, की एका चौरस इंचात चारशे-सहाशे सहज बसतात. त्यांच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा खरखरीत थर असतो आणि त्या थरात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचे काही नॅनोमीटर आकाराचे कण विखुरलेले असतात. वीट कुटली की करडी भुकटी हाती येते. या धंद्यात तिला सरळ ‘माती’ म्हणतात.

एका गाडीत हे धातू सगळे मिळून जेमतेम काही ग्रॅम असतात. इंजिनात पेट्रोल कधीच पूर्ण जळत नाही. धुरातून कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं बाहेर पडतात. प्लॅटिनम आणि पॅलेडियम पहिल्या दोघांचा ऑक्सिजनशी संयोग घडवून त्यांचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करतात. ऱ्होडियमचं काम उलट्या दिशेचं आहे: नायट्रोजनच्या ऑक्साइडांमधून ऑक्सिजन सोडवून निरुपद्रवी नायट्रोजन मोकळा करायचा. त्याला तोडीस तोड पर्याय अजून मिळालेला नाही.

या सगळ्यात धातू स्वतः खर्ची पडत नाही. तो फक्त उत्प्रेरक आहे, अभिक्रिया घडवतो आणि जागेवर राहतो. म्हणजे गाडी आठ-दहा वर्षं धावली, शोरूमची चमक गेली, किंमत निम्म्याखाली आली, तरी पोटातला बहुतेक धातू तिथेच असतो. जुनी गाडी आहे, तिला कोण हात लावणार, या हिशेबाने निर्धास्त राहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

भावाचं म्हणाल तर मार्च २०२१ च्या सुमारास ऱ्होडियम एका औंसाला २९ हजार डॉलरच्या आसपास गेलं होतं. त्या वेळी सोनं होतं १,७०० डॉलरच्या घरात. ऱ्होडियम एवढं चढायचं कारण जमिनीत आहे. जगातलं ८० टक्क्यांच्या आसपास ऱ्होडियम दक्षिण आफ्रिकेतून येतं आणि तेही मुख्यतः प्लॅटिनमच्या खाणीतलं जोडउत्पादन म्हणून. मागणी वाढली म्हणून फक्त ऱ्होडियमची नवी खाण कुणी खोदू शकत नाही. पुढे भाव बराच उतरला, पण तोवर ‘मातीला पैसे मिळतात’ ही बातमी भंगाराच्या धंद्यात पोचली होती, आणि असली बातमी परत घेता येत नाही.

ईकोच का, याचं उत्तर तिच्या रचनेत आहे. या गाडीचं इंजिन बॉनेटखाली नसून पुढच्या सीटांच्या खाली आहे. धुराची नळी तिथून गाडीच्या पोटाखालून मागे जाते आणि खाली वाकलं की हाताशी येते. आजच्या बहुतेक मोटारींत कन्व्हर्टर इंजिनाला अगदी चिकटून, बॉनेटच्या आत बसवतात. त्यामागे चोराचा विचार मुळीच नव्हता. कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला तापल्याशिवाय नीट काम करत नाही, म्हणून तो इंजिनाच्या जवळ नेला, की गाडी सुरू केल्यावर लवकर तापावा. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसा तो पुढे सरकत गेला आणि जाता जाता चोराच्या हातून निसटला. तुमच्या गाडीत तो कुठे आहे, हे पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी लिफ्टवर चढली की मेकॅनिकला बोट दाखवून विचारा. बॉनेटच्या आत असेल तर या एका चोरीची चिंता बरीच कमी.

पोटाखाली असेल तर लोखंडी जाळी किंवा पट्ट्यांचं कवच बसवून घेता येतं. कवच अभेद्य नसतं. दोन बोल्टांऐवजी चोराला जाड पट्टी कापावी लागते, म्हणजे वेळ आणि आवाज दोन्ही वाढतात. बसवताना कवच आणि डबा यांच्यात हवा खेळायला जागा हवी, कारण चालत्या गाडीत हा डबा शेकडो अंशांना तापलेला असतो. जाता जाता सांगतो: उन्हाळ्यात रिकाम्या प्लॉटवर, वाळक्या गवतात गाडी उभी करू नका. तापलेल्या कन्व्हर्टरने गवत पेटतं.

चोरीचं मूळ कारणच काढून टाकायचं, म्हणजे मौल्यवान धातू वापरायचेच नाहीत, हा विचारही जुना आहे. नागपुरातल्याच नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी पेरोव्स्काइट जातीच्या उत्प्रेरकांवर काम केलं आहे. त्यांत लॅन्थॅनम, कोबाल्ट, मँगनीज यांसारख्या तुलनेने स्वस्त धातूंची ऑक्साइडं असतात. अडचण अशी की पेट्रोलच्या गाडीत लागणारा वेग आणि टिकाऊपणा या पदार्थांना अजून ऱ्होडियम-पॅलेडियमइतका जमलेला नाही, आणि इंधनातलं गंधक त्यांना बाधतं.

“पण माझ्या गाडीला कंपनीचा अलार्म आहे,” असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. हा अलार्म बहुधा दारं, बॉनेट आणि डिक्की यांच्यावर लक्ष ठेवतो. कुणी जॅक लावून गाडी एका बाजूने उचलली, तर त्याच्या लेखी काहीच घडलेलं नसतं. त्यासाठी टिल्ट सेन्सर लागतो. त्याच्या चिपमध्ये सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म भार सिलिकॉनच्याच स्प्रिंगांवर टांगलेला असतो. गाडी कलली की भार किंचित सरकतो, शेजारच्या पट्ट्यांमधली विद्युत धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, बदलते आणि एखाद्या अंशाचा कलही पकडला जातो. मोबाईल आडवा धरल्यावर स्क्रीन फिरते ती याच जातीच्या चिपमुळे. बाहेरून अलार्म बसवून घेणार असाल तर आवाज किती डेसिबलचा हे विचारण्याआधी टिल्ट सेन्सर आहे का ते विचारा. अलॉय व्हील काढायला जॅक लागतोच, सायलेन्सर काढायलाही बऱ्याचदा लागतो.

चाकांना प्रत्येकी एक लॉक नट पुरतो. त्याच्या डोक्यावर वेगळी नक्षी असते आणि जोडीचा सॉकेट लावल्याशिवाय तो फिरत नाही. हा सॉकेट गाडीतच ठेवावा लागतो, नाहीतर अमरावती रोडवर पंक्चर झाल्यावर स्टेपनी असून उपयोग नाही. फक्त डॅशबोर्डच्या खणात ठेवू नका, चोर पहिला हात तिथेच घालतो.

आता काच. समोरची काच दोन पातळ काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा घालून केलेली असते. दगड लागला की तडकते, पण जागा सोडत नाही. बाजूच्या आणि मागच्या काचा बहुतेक गाड्यांत टफन्ड असतात. काच ६०० अंशांच्या वर तापवून तिच्यावर थंड हवेचे झोत सोडतात. बाहेरचा थर आधी गोठतो, आतला नंतर आकसतो, आणि आकसताना बाहेरच्या थराला कायमचा आवळून ठेवतो. हा दाब हवेच्या दाबाच्या सातशे पटींच्या घरात जातो. त्यामुळे ही काच साध्या काचेच्या चारपाच पट मजबूत असते. तिच्यावर भरलेली पिशवी आपटली, हाताचा गुद्दा बसला, तरी काही होत नाही. पण एखाद्या टणक टोकाने बाहेरचा आवळलेला थर भेदला, की आत साठलेला सगळा ताण मोकळा होतो. तडा सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगाने धावतो आणि क्षणात काचेचा चुरा. अपघातात तुकडे धारदार निघू नयेत म्हणून हे मुद्दाम केलेलं आहे, आणि चोराला त्याचा फुकट फायदा मिळतो. हा ताण बघायचाही आहे? पोलराइज्ड गॉगल घालून व्हरायटी चौकाच्या सिग्नलला पुढच्या गाडीच्या मागच्या काचेकडे पाहा. गडद ठिपक्यांची एक नक्षी दिसते. कारखान्यात थंड हवेचे झोत जिथे जिथे पडले, त्यांच्या त्या खुणा आहेत.

जाड पारदर्शक सेफ्टी फिल्म लावली तर चुरा झालेली काचही काही काळ चौकटीत धरून राहते. पण आपल्याकडे पुढच्या-मागच्या काचांतून किमान ७० आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश पार व्हायला हवा, आणि २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर काळ्या फिल्मवर कारवाई होते. “सर, सगळेच लावतात” या दुकानदाराच्या भरवशावर राहू नका. खरं सांगायचं तर बहुतेक काचा आत दिसलेल्या वस्तूसाठी फुटतात. लग्नाच्या सीझनमध्ये लॉनबाहेर अंधारात गाड्यांच्या रांगा लागतात आणि मागच्या सीटवर पर्स, लॅपटॉपची बॅग, अहेराच्या पिशव्या ठेवून मंडळी जेवायला जातात. वस्तू डिक्कीत ठेवायच्या असतील तर घरून निघतानाच ठेवा. लॉनवर पोचून सगळ्यांसमोर डिक्की उघडली तर पाहणाऱ्याला पत्ता कळतोच.

नागपूरची एक खास सवय म्हणजे मे महिन्यात काच दोन बोटं खाली ठेवून गाडी उभी करणं. गाडी थंड राहते असा समज आहे. मोजून पाहिलं गेलं आहे, फरक फारच थोडा पडतो. डॅशबोर्ड आणि सीटा ऊन शोषतात आणि ती उष्णता आत साठते. एवढ्याशा फटीतून ती पुरेशी बाहेर पडत नाही. समोरच्या काचेला आतून चमकदार पडदा लावणं जास्त कामाचं. फटीतून मात्र तार किंवा पट्टी आरामात आत जाते. शिवाय काही अलार्म आतली हालचाल ओळखायला सुमारे ४० किलोहर्ट्झच्या, आपल्याला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडतात. त्या फटीतून लू आत शिरली की अलार्म उगाच बोंबलतो, शेजारी वैतागतात, आणि मालक अलार्मच बंद करून टाकतो. डॅशकॅम घेतानाही हीच उष्णता आडवी येते. उन्हात बंद गाडीत लिथियम बॅटरी फुगते, त्यामुळे बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर असलेला कॅमेरा घ्यावा.

बटनस्टार्ट गाड्यांचं दुखणं वेगळं आहे. हँडलला हात लावला की गाडी सुमारे १२५ किलोहर्ट्झवर हाक मारते. ही हाक एकदोन मीटरच पोचते. ती ऐकू आली की किल्ली जास्त वारंवारतेवर, बहुधा ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास, सांकेतिक उत्तर देते. गाडीचं गृहीतक असं, की उत्तर आलं म्हणजे किल्ली जवळच आहे. चोर मध्ये दोन यंत्रं ठेवून हाक आणि उत्तर दोन्ही लांबवर पोचवतात. कोड फोडायची गरजच पडत नाही. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर हे करून दाखवलं होतं. नव्या काही गाड्या उत्तर यायला किती वेळ लागला हेच मोजतात. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जाते, त्यामुळे लांबून फिरून आलेलं उत्तर पकडलं जातं. तुमच्या गाडीत ही सोय नसेल तर किल्ली दाराजवळच्या खुंटीवर टांगू नका. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा आणि डबा हातात घेऊनच गाडीपाशी जाऊन दार उघडतं का बघा. उघडलं, तर डबा बदला.

चोरीचा माल विकता येऊ नये, हाही बचावच. काचांवर आणि कन्व्हर्टरच्या डब्यावर गाडीचा नंबर कोरून घ्यायला फार खर्च येत नाही. कोरलेला नंबर चोर घासून टाकेल ही शंका रास्त आहे, पण चॅसिस नंबरच्या बाबतीत ते तितकं सोपं नाही. ठोकून उठवलेल्या अंकाखाली पोलादाचे स्फटिक खोलवर दबलेले असतात. वरचा अंक कानशीने घालवला तरी खालचा दबलेला भाग उरतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत त्यावर आम्ल चोळलं, की हा भाग शेजारच्या धातूपेक्षा वेगाने झिजतो आणि अंक पुन्हा उमटतात.

विमा असला तरी हिशेब आधी समजून घ्यावा. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात चोरीचा एक रुपयाही मिळत नाही. सर्वसमावेशक विम्यात काचेवर घसारा कापत नाहीत, टायर आणि बॅटरीवर मात्र ५० टक्के कापतात. धातूच्या भागांवरचा घसारा गाडीच्या वयावर ठरतो: पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. म्हणजे सहा वर्षांच्या ईकोचा सायलेन्सर गेला तर झिरो डेप्रिसिएशनचं, म्हणजे घसारा न कापण्याचं, कवच नसताना जवळपास निम्मा खर्च खिशातूनच जातो. बाजूची एकच काच फुटली असेल तर क्लेम करण्याआधी नो क्लेम बोनस किती जमला आहे ते पाहा. तो वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो, एका क्लेमने शून्यावर येऊ शकतो, आणि पुढच्या वर्षीच्या हप्त्यात काचेच्या किमतीहून जास्त पैसे जाऊ शकतात.