कापडासारखी दिसली म्हणून कापडी नव्हे
दुकानदारांत एक समज घट्ट बसलाय: रंगीत, मऊ पिशवी दिली की प्लास्टिकबंदीची कटकट मिटली. तसं नाही. ही नॉन-वोव्हन पिशवी पॉलिप्रोपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच. तिच्यात उभे-आडवे विणलेले धागे नसतात. तंतू उष्णतेने दाबून चिकटवतात, म्हणून अंगभर ठिपके दिसतात. कोपरा जाळून पाहा. सुती कापडाची राख होते, हिचा वितळून कडक मणी बनतो.

केंद्राच्या नियमानुसार 30 सप्टेंबर 2021 पासून 60 जीएसएमखालची, म्हणजे चौरस मीटरला 60 ग्रॅमपेक्षा कमी भरणारी, अशी पिशवी चालत नाही. घाऊकवाल्याच्या तोंडी हमीवर विसंबू नका (ती फुकट मिळते). 10 सेंमी लांब-रुंद असे 10 तुकडे कापून सोनाराच्या काट्यावर ठेवा. 6 ग्रॅमपेक्षा कमी भरले तर माल परत करा. महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी मोडल्याचा पहिला दंडच 5,000 रुपये आहे.