प्राणिजन्य रोगांचे प्रयोगशाळा-निदान व सर्वेक्षण

जनावरांचे रक्त, दूध, ऊतके, विष्ठा इ. नमुने तपासून माणसालाही होऊ शकणाऱ्या रोगांचा शोध घेणे आणि त्या निष्कर्षांची सतत जुळणी करून रोगाच्या हालचालीवर नजर ठेवणे, या एकमेकांवर अवलंबून असलेल्या दोन कामांचा या नोंदीत एकत्र विचार केला आहे. अलर्क अथवा पिसाळ रोग, काळपुळी (अँथ्रॅक्स), सांसर्गिक गर्भपात (ब्रूसेलोसिस), गोजातीय क्षय, लेप्टोस्पायरोसिस, साल्मोनेला संक्रमण, पक्ष्यांचा इन्फ्ल्यूएंझा हे या क्षेत्रातील नेहमीचे रोग होत.

संज्ञा : अशा रोगांना पाश्चात्त्य भाषांत ‘झूनोसिस’ म्हणतात. या शब्दाचे श्रेय सामान्यतः जर्मन विकृतिवैज्ञानिक रूडॉल्फ फिरखो यांना देतात आणि त्याचा काळ १८५५ च्या सुमाराचा धरतात. ग्रीक घटकांवरून शब्दाचा सरळ अर्थ ‘प्राण्यांचा रोग’ एवढाच निघतो. त्यात माणसाचा उल्लेखच नाही. त्यामुळे रोग कोणाकडून कोणाकडे जातो, याविषयी पुढे शंभर वर्षे घोळ राहिला. प्राण्याकडून माणसाकडे येणारा रोग वेगळा आणि माणसाकडून प्राण्याकडे जाणारा वेगळा, अशा दोन उपसंज्ञा रूढ झाल्या. पण काही लेखकांनी त्या एका अर्थाने व इतरांनी नेमक्या उलट अर्थाने वापरल्या. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १९५९ मध्ये ‘पृष्ठवंशी प्राणी व माणूस यांच्यात नैसर्गिक रीत्या संक्रमित होणारे रोग व संक्रामणे’ अशी दिशानिरपेक्ष व्याख्या दिली आणि १९६७ च्या अहवालात या दोन्ही उपसंज्ञा बाजूला ठेवण्याचा सल्ला दिला. ‘प्राणिजन्य’ या मराठी शब्दातही एकाच दिशेचे सूचन आहे. तो रुळलेला आहे म्हणूनच येथे ठेवला आहे.

‘सर्वेक्षण’ या शब्दावरही दोन अर्थांचा भार पडतो. एकदाच केलेली पाहणी हा पहिला अर्थ आणि अखंड चालणारी निगराणी हा दुसरा. येथे दुसरा अभिप्रेत आहे. केवळ आकडे जमवत राहणे म्हणजेही सर्वेक्षण नव्हे. आकडा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की काय करायचे, हे आधीच ठरलेले असावे लागते.

इतिहास : काळपुळीने मेलेल्या जनावरांच्या रक्तात दंडाकार सूक्ष्म पिंड प्रथम कोणी पाहिले, याविषयी मतभेद आहेत. फ्रान्समध्ये रेये व दाव्हेन यांनी त्यांची नोंद १८५० मध्ये प्रसिद्ध केली. जर्मनीतील पोलेंडर यांनी आपण ते १८४९ मध्येच पाहिल्याचे सांगितले, पण त्यांचा लेख १८५५ मध्ये छापला गेला. मुद्रित पुरावा प्रमाण मानल्यास फ्रेंच नोंदीला अग्रक्रम द्यावा लागतो. हे पिंडच रोगाचे कारण असल्याचे रॉबर्ट कॉख यांनी १८७६ मध्ये दाखवले.

निरोगी दिसणाऱ्या जनावरातील रोग ओळखण्याची सोय क्षयजंतूंच्या संवर्धनातून काढलेल्या ट्युबरक्युलीन या द्रव्यामुळे झाली. कॉख यांनी १८९० मध्ये ते क्षयावरील उपचार म्हणून पुढे आणले. उपचार फसला, पण क्षयग्रस्त गाईला ते टोचल्यास ताप चढतो, हे लवकरच लक्षात आले आणि फसलेले औषध निदानाला उपयोगी पडले. डेन्मार्कमध्ये बेर्नहार्ड बांग यांनी या चाचणीच्या आधारे कळपाची विभागणी करण्याची पद्धत बसवली. थीओबाल्ड स्मिथ यांनी १८९८ मध्ये गाईचा व माणसाचा क्षयजंतू वेगळे असल्याचे दाखवले. १९०१ मध्ये लंडनच्या परिषदेत कॉख यांनी यापुढे जाऊन गाईच्या क्षयापासून माणसाला फारसा धोका नाही, असे प्रतिपादन केले. ब्रिटनमधील शाही चौकशी आयोगाने १९११ पर्यंत चौकशी करून ते खोडून काढले. एवढ्या मोठ्या नावाचे मत खोडायला दहा वर्षे लागली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

सांसर्गिक गर्भपात : सर्वेक्षणाची जवळजवळ सगळी तत्त्वे या एका रोगात पाहता येतात. जनावरांत गर्भपात घडवणारा हा रोग माणसात तापाच्या रूपाने दिसतो. डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये माल्टा बेटावर तापाने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून याचा जंतू वेगळा केला. रुग्णाचा रक्तरस जंतूंच्या निलंबनात मिसळला की त्यांच्या गुठळ्या होतात, ही समूहन चाचणी १८९७ मध्ये राइट व स्मिथ यांनी या तापाला लावली. तरी रोग येतो कोठून, हे कळेना. १९०५ मध्ये माल्टीज वैद्य थेमिस्टोक्लीस झामित यांनी तीच चाचणी शेळ्यांच्या रक्तावर केली आणि ती सकारात्मक आली. शेळ्या धडधाकट होत्या, दूध देत होत्या. पुढील वर्षी सैनिकांना शेळीचे दूध देणे बंद केल्यावर त्यांच्यातील तापाचे प्रमाण झपाट्याने उतरले. या शोधाचे श्रेय काही ग्रंथ चौकशी आयोगाचे प्रमुख म्हणून ब्रूस यांना, तर काही झामित यांना देतात. निर्णायक नमुना झामित यांनी तपासला असल्याने दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. गाई गाभडण्यास कारण होणारा जंतू बांग यांनी १८९७ मध्येच शोधला होता. पण त्याचे माल्टातील जंतूशी जवळचे नाते आहे, हे अमेरिकेत ॲलिस एव्हान्स यांनी १९१८ मध्ये मांडेपर्यंत कोणाच्या ध्यानात आले नाही.

या रोगासाठीच्या रोझ बंगाल चाचणीत रक्तरसाचा एक थेंब आणि गुलाबी रंग दिलेल्या मृत जंतूंचा एक थेंब पट्टीवर मिसळून चार मिनिटे हलवतात. गुठळ्या दिसल्या तर चाचणी सकारात्मक. मिश्रण मुद्दाम अम्लीय ठेवतात (पीएच सुमारे ३.६५), कारण त्यामुळे असंबंधित प्रतिपिंडांनी (जंतूंविरुद्ध शरीरात तयार होणाऱ्या प्रथिनांनी) होणारे समूहन कमी होते. तरीही येर्सिनिया एंटरोकोलिटिका ओ:९ या जंतूच्या बाह्य आवरणाची रचना जवळपास सारखी असल्याने फसगत होऊ शकते. या रोगावरील एस-१९ लस टोचलेली जनावरेही काही काळ सकारात्मक येतात, म्हणून ती लहान वासरांनाच टोचण्याचा प्रघात पडला. आरबी-५१ या लशीतील जंतूला ते आवरणघटक जवळजवळ नसल्याने ही अडचण येत नाही. शंकास्पद नमुने पूरकबंधन किंवा एलायझा या प्रतिपिंडे शोधणाऱ्या दुसऱ्या चाचण्यांनी पुन्हा पाहतात.

संपूर्ण कळपावर नजर ठेवण्यासाठी दुग्धवलय चाचणी सोयीची आहे. ती १९३७ मध्ये जर्मनीत फ्लाइशहाउअर यांनी मांडली. सर्व गाईंच्या एकत्रित दुधातून १ मिलि. घेऊन त्यात हिमॅटॉक्सिलीनने रंगवलेले जंतू थेंबभर घालतात आणि नळी ३७° से. तापमानात तासभर ठेवतात. दुधात प्रतिपिंडे असल्यास ती रंगीत जंतूंना धरतात व स्निग्धकणांना चिकटून सायीबरोबर वर चढतात. वर निळे वलय, खाली पांढरे दूध. प्रतिपिंडे नसतील तर रंग दुधातच पसरून राहतो आणि साय पांढरी दिसते. मोठ्या कळपात एकाच बाधित गाईचे दूध इतरांच्या दुधात विरून जाते. म्हणून दुभत्या गाई १५० च्या वर असल्यास २ मिलि. आणि ४५० च्या वर असल्यास ३ मिलि. दूध घेतात, प्रतिजन (रंगवलेले जंतू) मात्र तेवढेच. चीक, स्तनदाह झालेल्या गाईचे दूध व आटत आलेल्या गाईचे दूध यांनी खोटे वलय येऊ शकते. शेळ्या-मेंढ्यांच्या दुधाला ही चाचणी लागू पडत नाही. ज्या जनावराने या रोगाचा उलगडा केला, त्यालाच ही स्वस्त चाचणी निरुपयोगी ठरावी, हा विचित्र योग म्हटला पाहिजे.

गाभडलेल्या जनावराची वार आणि मृत गर्भाचे जठर यांत जंतू विपुल असतात, त्यामुळे संवर्धनासाठी हे नमुने उत्तम. हाताळणाऱ्याला तेच सर्वांत घातक. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना होणाऱ्या जंतुसंक्रामणांत हा रोग बराच वरच्या क्रमांकावर आहे.

निष्कर्षाचा अर्थ : चाचणीची संवेदनशीलता म्हणजे बाधितांपैकी किती पकडले जातात आणि विशिष्टता म्हणजे निरोग्यांपैकी किती निर्दोष सुटतात. समजा, १०,००० जनावरांत १० बाधित आहेत, संवेदनशीलता ९५% व विशिष्टता ९८% आहे. मग ९ किंवा १० बाधित पकडले जातील, पण सुमारे २०० निरोगी जनावरेही सकारात्मक ठरतील. रोग जसजसा आटोक्यात येतो तसतसा सकारात्मक निष्कर्ष अधिक अविश्वसनीय होत जातो. चाचणी मात्र तीच असते. निर्मूलन मोहिमेच्या अखेरीस निरोगी जनावरे मारली गेल्याच्या तक्रारी येतात, त्यांचे मूळ पुष्कळदा येथे असते. उलट बाजूही आहे. मोठ्या कळपातील ५९ जनावरे यदृच्छेने निवडून अचूक चाचणी केली व सर्व नकारात्मक आली, तर कळपातील बाधितांचे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी आहे असे ९५% खात्रीने म्हणता येते. १ टक्क्याविषयी तेच म्हणायचे तर सुमारे ३०० जनावरे तपासावी लागतात. ‘रोगमुक्त’ या शब्दामागे असे एक गणित असते, निखळ शून्य नव्हे.

नमुना : प्रयोगशाळा तिच्याकडे आलेल्या नमुन्यापलीकडे पाहू शकत नाही. काळपुळीचा संशय असल्यास शव फाडत नाहीत, कारण हवा लागताच जंतूंची बीजुके बनतात व ती जमिनीत अनेक दशके टिकतात. कानाच्या शिरेतील रक्ताचा काचेवर लेप घेतात. पॉलिक्रोम मेथिलीन ब्ल्यूने रंगवल्यास निळ्या दंडांभोवती गुलाबी आवरण दिसते. मक्फॅडियन यांनी १९०३ मध्ये वर्णिलेली ही प्रतिक्रिया रंगद्रव्य मुरलेले असेल तरच नीट येते. अलर्कासाठी मेंदू, विशेषतः मस्तिष्कस्तंभ व निमस्तिष्क, बर्फात घालून पाठवतात. आदेल्की नेग्री यांनी १९०३ मध्ये वर्णिलेले पिंड मेंदूत दिसले तर निदान होते, पण बऱ्याच बाधित जनावरांत ते आढळत नाहीत. म्हणून १९५८ मध्ये गोल्डवॉसर व किसलिंग यांनी मांडलेली अनुस्फुरक (चकाकणारा रंग जोडलेल्या) प्रतिपिंडांची चाचणी प्रमाण मानली गेली. पुढे जंतूचे जनुकीय द्रव्य शोधणाऱ्या रेणवीय पद्धती आल्या. त्यांनी वेळ वाचला, नमुना नीट घेण्याची गरज मात्र तशीच राहिली.

सूचक प्राणी : माणसांआधी किंवा त्यांच्याबरोबर प्राणी मरू लागतात, त्यांकडे लक्ष गेल्यास रोग लवकर हाती लागतो. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि त्यांतूनच नव्या विषाणूचा शोध लागला. १९९९ मध्ये न्यूयॉर्कमधील मेंदूज्वराच्या रुग्णांचे निदान प्रथम सेंट लुईस मस्तिष्कशोथ असे झाले होते. त्याच सुमारास कावळे आणि प्राणिसंग्रहालयातील पक्षी मरत होते. सेंट लुईसच्या विषाणूने पक्षी सहसा मरत नाहीत, म्हणून पशुविकृतितज्ज्ञ ट्रेसी मक्नॅमारा यांनी त्या निदानावर शंका घेतली. रोग वेस्ट नाइल विषाणूचा निघाला. अशा विषाणूंची चाहूल लागावी म्हणून काही ठिकाणी मुद्दाम कोंबड्या ठेवून ठरावीक मुदतीने त्यांचे रक्त तपासतात.

संघटन : जागतिक प्राणी आरोग्य संघटना २८ देशांच्या कराराने १९२४ मध्ये पॅरिस येथे स्थापन झाली. निमित्त प्राणिजन्य रोगाचे नव्हते. १९२० मध्ये बेल्जियममध्ये शिरलेल्या बुळकांडी या गुरांच्या रोगाचे होते. सूचीतील रोगाचा अनपेक्षित उद्रेक निश्चित झाल्यावर सदस्य देशाने २४ तासांत कळवावे, असा तिचा नियम आहे.

वन्य प्राणी : यांच्याविषयीची माहिती विरळ आहे. बहुतेक रक्तचाचण्या पाळीव जनावरांसाठी प्रमाणित केलेल्या असून सकारात्मक-नकारात्मक यांमधील सीमा त्यांच्याच रक्तावरून ठरवलेली असते. वटवाघूळ, हरीण किंवा रानडुकराच्या रक्तरसाला तीच सीमा लावणे धोक्याचे असते, आणि नमुनेही बहुधा मेलेल्या अथवा पारध केलेल्या प्राण्यांचेच हाती येतात.