मॅन्स : स्कॉटिश खेड्यातील पाळकनिवास

स्कॉटलंडमधील प्रेसबिटेरियन चर्चने आपल्या पाळकाला, म्हणजे धर्मोपदेशकाला, पदावर असेपर्यंत राहायला दिलेले घर. नेमणूक झाली की कुटुंबासह यायचे आणि पद सुटले की बाहेर पडायचे, असा रिवाज. जुन्या मॅन्सची बांधणी कळायची तर आधी त्याचा खर्च कोणाच्या माथी होता ते पाहावे लागते.

१५६० च्या प्रोटेस्टंट धर्मसुधारणेनंतर ब्रह्मचारी कॅथलिक धर्मगुरूंच्या जागी संसारी पाळक आले. त्यांच्या निवाऱ्यासाठी झालेल्या कायद्यांत १६६३ चा कायदा निर्णायक ठरला. पॅरिशमधल्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या, जमीनदारांनी, म्हणजे ‘हेरिटर’ मंडळींनी, मॅन्स बांधून द्यावे असे त्याने ठरवले. खर्च ५०० मर्कपेक्षा (मर्क हे जुने स्कॉटिश नाणे) कमी आणि १,००० स्कॉटिश पौंडांपेक्षा जास्त नसावा, अशी मर्यादाही घातली. घराबरोबर ‘ग्लीब’ मिळे. आपल्याकडच्या इनाम जमिनीसारखी ही जमीन पदाला जोडलेली असे. शिवाय एक घोडा आणि दोन गाई चरतील एवढे कुरण. पैसे जमीनदारांचे आणि राहणारा पाळक, त्यामुळे दुरुस्तीवरून तंटे होत. ते प्रेसबिटरीपुढे, म्हणजे त्या भागातील पाळक व चर्चने निवडलेल्या वडीलमंडळींच्या सभेपुढे येत.

सर्वांत जुन्या मॅन्सपैकी एक पूर्व स्कॉटलंडमधील फाइफच्या किनाऱ्यावर अँस्ट्रदर ईस्टर येथे आहे. जेम्स मेलव्हिल या पाळकाने ते १५९० मध्ये बांधायला घेतले. उंच, जाड भिंतींचे आणि जिन्यासाठी वेगळा बुरूज असलेले हे घर छोट्या गढीच्या वळणाचे आहे. अठराव्या शतकात मात्र ज्याला आज आपण ‘मॅन्स’ म्हणून ओळखतो तो साचा पक्का झाला : दोन मजले, मध्ये दार आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या खिडक्या, टोकाच्या त्रिकोणी भिंतींवर धुराडी, स्लेटचे छप्पर. अनघड दगडाच्या भिंतींवर चुना आणि बारीक खडी फेकून केलेला गिलावा सागरी वारा-पाऊस अडवी. मागे तबेला, गोठा, कोठार आणि भिंतीने वेढलेली बाग असे, कारण पाळकाला ग्लीबवर शेतीही करावी लागे. पाळकाची अभ्यासिका हा या घराचा गाभा. रविवारचे प्रवचन तिथे तयार होई, आणि केवळ प्रवचनच नव्हे. डम्फ्रीसशरमधील रथवेलचे पाळक हेन्री डंकन यांनी १८१० मध्ये गरिबांसाठी बचत बँक सुरू केली. तिच्यात सहा पेन्सही भरता येत. गावातला आठव्या शतकातला कोरीव क्रूस १६४२ मध्ये मूर्तिपूजेचे चिन्ह म्हणून फोडला गेला होता. त्याचे तुकडे जुळवून त्यांनी तो मॅन्सच्या बागेत उभा केला; १८८७ मध्ये तो चर्चमध्ये नेण्यात आला. एका खेड्यातल्या घराने एवढे काम पाहावे, ही या संस्थेची खरी थोरवी.

डोंगराळ प्रदेशात आणि बेटांवर मात्र चर्च आणि पाळकांची घरे अपुरी होती. १८२४ च्या कायद्यानंतर सरकारी निधीतून अभियंते थॉमस टेलफर्ड यांच्या देखरेखीखाली तिथे ३२ चर्च आणि चाळीसहून अधिक मॅन्स उभे राहिले. चर्च व मॅन्स मिळून १,५०० पौंडांची मर्यादा असल्याने नमुने ठरीव होते. जागेनुसार एकमजली किंवा दुमजली घर निवडले जाई.

पाळक नेमण्याच्या जमीनदारी हक्कावरून १८४३ मध्ये चर्च फुटले. साडेचारशेहून अधिक पाळकांनी वेतनासह मॅन्सही सोडला आणि वेगळे ‘फ्री चर्च’ स्थापन केले. डंकन त्यांत होते. म्हातारपणी, स्वतः लावलेली बाग मागे टाकून निघणे सोपे नव्हते. मुंबईत मिशनरी जॉन विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही फ्री चर्चचीच बाजू घेतली. बेघर पाळकांसाठी फ्री चर्चचे पाळक थॉमस गथ्री यांनी गावोगाव फिरून एक लाख पौंडांहून अधिक निधी जमवला. त्यामुळे अनेक गावांत प्रतिस्पर्धी चर्चचा दुसरा मॅन्स दिसू लागला.

१९२५ च्या कायद्याने जमीनदारांची जबाबदारी संपवून मालमत्ता चर्चच्या विश्वस्तांकडे सोपवण्याची वाट मोकळी केली. १९२९ मध्ये चर्चच्या दोन मोठ्या शाखा एकत्र आल्यावर बरीच घरे जास्तीची ठरली. मोठी, थंड आणि दुरुस्तीला महाग अशी जुनी घरे तेव्हापासून विकली जात आहेत. ‘ओल्ड मॅन्स’ हे नाव खासगी घरांच्या फाटकांवर सर्रास आढळते. आयोना बेटावरील टेलफर्डकालीन मॅन्समध्ये आता बेटाच्या इतिहासाचे संग्रहालय आहे.